प्रकरण सातवं : भाऊजी

१ जानेवारी, सकाळ

नवीन वर्ष, नवीन वही, नवीन पेन. संकल्प एकच. आत्मचरित्र लिहायचं. दारू, चोरी, तुरुंग आणि त्या सगळ्यातून केवळ स्वतःच्या हिमतीवर बाहेर आलेला एक माणूस. उद्देश समाजसेवा. दुसरा उद्देश भाऊजींची अब्रू चव्हाट्यावर आणणं. दोन्ही एकाच पुस्तकात बसतील.

शत्रूची नोंद सुरुवातीलाच करून ठेवतो. भाऊजी म्हणजे माझ्या सख्ख्या ताईचे यजमान. कुलपं दुरुस्त करायचं आणि चाव्या बनवायचं दुकान त्यांचं, कारागीर मी. दुकान चालत होतं ते माझ्या बोटांवर, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. मी पीत होतो, मान्य. एका दुपारी दारूच्या दुकानाचं लॉक उघडून आत शिरलो, तेही मान्य. पण पोलिसांना फोन कुणी केला? घरच्या माणसाने. त्या माणसामुळे मी तुरुंगात गेलो आणि आज माझ्या हातात कानशीऐवजी इस्त्री आहे. लाँड्रीत दिवसभर लोकांच्या पँटा. आत जाऊन आलेल्या चावीवाल्याला आपलं कुलूप कोण देणार?

एप्रिलमध्ये आमच्या व्यसनमुक्ती ग्रुपचा वार्षिक कार्यक्रम. दरवर्षी एक जण स्टेजवरून आपली कहाणी सांगतो. यंदा माझा नंबर. बोलणाऱ्याच्या घरच्यांना पहिल्या रांगेत बसवतात. म्हणजे ताई येणार, भाऊजी येणार, आणि मी माइकवरून त्यांचंच प्रकरण वाचणार. त्यांचा चेहरा उतरताना मला डोळे भरून बघायचाय.

पुस्तकाचं नाव ठरलं. 'मी, माझी दारू आणि एक नीच माणूस'.

४ जानेवारी

रोज सकाळी सहाला उठून लिहायचं ठरवलं होतं. आठला उठलो. थंडी.

प्रकरण पहिलं, बालपण. व्यसनी माणसाचं बालपण करपलेलं असावं लागतं. माझं नाही. वडिलांनी आयुष्यात सिगारेट ओढली नाही. आई प्रेमळ. ताई शाळेत हात धरून न्यायची आणि माझं दप्तरही तीच उचलायची. मोठीच अडचण. बायकोला विचारलं, माझ्या लहानपणी काही भयंकर घडल्याचं तुझ्या कानावर आहे का. ती म्हणाली, फार लाडावून ठेवलं होतं एवढं ऐकलंय. नवऱ्याच्या लेखनाला हातभार लावावा असं या बाईला वाटत नाही.

एक ते सहा प्रकरणं नंतर बघू. थेट सातव्याला हात घालतो. सातवं म्हणजे भाऊजी.

९ जानेवारी

प्रकरण सातवं सुरू. पहिलं वाक्य: भाऊजींनी पोलिसांना फोन केला.

वा. ठणठणीत वाक्य. चार वेळा मोठ्याने वाचलं. बायको आतून म्हणाली, कळलं.

दुसरं वाक्य येईना. कारण आठवेना. त्या दिवसाचं मला एवढंच आठवतं. दुपारी प्यायलो. मग दारूच्या दुकानाचं गल्लीकडचं दार. त्यांचा सुटीचा दिवस, सगळं बंद. लॉकमधली शेवटची पिन हाताला लागली ते आठवतं, ते अगदी झकास आठवतं. नंतर एकदम आमच्या दुकानातला पडदा. पडद्यापलीकडे पोलीस. आणि भाऊजींचा तळहात माझ्या छातीवर. केवढ्या जोराने मागे ढकललं मला. तो तळहात मी मरेपर्यंत विसरणार नाही. मधलं सगळं कोरं.

आज भाऊजींचे शर्ट इस्त्रीला आले. ताई मुद्दाम आमच्याच लाँड्रीत पाठवते. प्रत्येक बाहीवर दोन-दोन क्रीज पाडल्या. एकीला खेटून दुसरी, रेल्वेच्या रुळांसारख्या. बसा आता बोंबलत.

१४ जानेवारी

बोंबलले नाहीत. लाँड्रीच्या मालकाकडे तक्रार नाही, ताईचा निरोप नाही. बसमधून जाताना दिसले. दुकानाच्या पायरीवर उभे, अंगात तोच शर्ट, बाहीवर रूळ. जाडी कातडी.

दुसरं वाक्य अजून नाही.

१७ जानेवारी

ग्रुपला गेलो. ग्रुप चालवतात ते काका. स्वतः एके काळी रस्त्यावर झोपलेला माणूस, आता शर्टाचं वरचं बटणही लावतो. त्यांना सांगितलं, आठवत नाही. ते म्हणाले, आपल्यातल्या कुणालाच आठवत नाही, ज्यांनी आपल्याला तसं पाहिलंय त्यांना जाऊन विचारायचं. म्हणजे भाऊजींना! मी म्हटलं, काका, ज्याला फाशी द्यायची त्यालाच दोरी विचारायची का. काका म्हणाले, तू फाशी द्यायला लिहितोयस की सुटायला? मी मान डोलावली. काकांना बरं वाटावं म्हणून मी बऱ्याचदा मान डोलावतो.

नंतर क्षमेवर चर्चा. मी एक सोडून सगळ्यांना क्षमा केलेली आहे. ग्रुपमध्ये एवढं प्रमाण कुणाचंच नाही.

२४ जानेवारी

प्रेसवाल्याकडे गेलो. बिलबुकं, पत्रिका छापतो. आत्मचरित्रंही छापतो, लोकांनी आणली तर. त्याने विचारलं, गुन्हा काय केला होता. म्हटलं चोरी. कशाची? दारूच्या दुकानातून. किती माल गेला? मी म्हटलं, एक बाटली. त्याने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाला, गुन्हा जरा लहान पडतोय हो.

तळपायाची आग मस्तकात गेली. पण म्हणणं विचार करण्यासारखं आहे.

निघताना त्याचं कपाट अडकलं. चावी फिरेना, हा आपला हिसडे देतोय. कुणी लॉकला हिसडे दिले की माझ्याच्याने बघवत नाही. त्याला बाजूला केलं, टेबलावरची टाचणी घेतली, बोटांनी चाचपलं. उघडलं. आत चुरा अडकला होता, फुंकून काढला. बोटं विसरलेली नाहीत! प्रेसवाला वा वा म्हणाला. आणि वा वा म्हणता म्हणता गल्ल्याची चावी टेबलावरून उचलून त्याने खिशात टाकली.

पाहिलं मी. याचंही बिल भाऊजींच्याच नावावर.

२६ जानेवारी

गुन्हा वाढवला. बाटलीचं खोकं केलं. संध्याकाळी खोक्याचं गोदाम केलं. बायकोने वाचलं आणि विचारलं, गोदाम नेलंस कशातून? तुला तर तेव्हा सायकल चालवता येत नव्हती, दोनदा गटारात पडला होतास.

तूर्त पुन्हा बाटली.

२ फेब्रुवारी

संशोधन. लेखकाने घटनास्थळाला भेट दिली पाहिजे. घटनास्थळ दारूचं दुकान असल्यामुळे बायको बरोबर आली. मी आत, ती दारात, पर्स दोन्ही हातांनी धरून.

मालक तोच. मला वाटलं आता शिव्या घालेल. उलट खूश झाला. अहो तुम्ही! म्हणाला. त्या दाराचं लॉक पूर्वी रोज अडकायचं, तुम्ही येऊन गेलात तेव्हापासून लोण्यासारखं फिरतंय, अडकायचं नाव नाही. तेलसुद्धा घातलं होतंत, म्हणाला. मी विचारलं, चोराने तेल कशाला घालायचं? तो इतका हसला की त्याला खोकला लागला. म्हणाला, ते तुमच्या भाऊजींना विचारा, त्यांना सगळं माहीत आहे.

त्यांना सगळं माहीत आहे! फोन करणाऱ्यालाच सगळं माहीत असणार. साक्षीदार मिळाला. लॉकचं कौतुक पुस्तकात घेणार.

मागच्या फळीवर माझी नेहमीची बाटली होती. जुनंच लेबल. जीभ कोरडी पडली, कानात काहीतरी वाजायला लागलं आणि मला त्या क्षणी दुसरं काही दिसेना. तेवढ्यात भाऊजींचा तळहात आठवला आणि असा संताप आला की बाटली डोळ्यांपुढून गेली. बायको दारातून म्हणाली, चल. गेलो.

११ फेब्रुवारी

ताई आली. चहा झाला. भाऊजींचे हात हल्ली थरथरतात, म्हणाली. बारीक काम होत नाही. तुझी कामाची बैठक आहे तशीच ठेवलीय, तिच्यावर कुणाला बसू देत नाहीत, ये ना परत. मी म्हटलं, त्या दुकानाची पायरी चढण्याआधी पाय मोडून घेईन. ताई म्हणाली, मोडू नकोस, आधीच एक माणूस सांभाळतेय.

मग म्हणाली, आमच्यावर लिहितोयस म्हणे. बायकोने फोडलेलं दिसतंय. मी म्हटलं, सत्य लिहितोय. ती म्हणाली, लिही, फक्त आधी त्यांना विचार. मी म्हटलं, ज्याने घर फोडलं त्यालाच विचारू का कसं फोडलं? ताई म्हणाली, फोडलं कुणी होतं? बायको कप उचलायला लागली. कप रिकामे नव्हते.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ

शत्रूची पाहणी केली. समोरच्या फुटपाथवर, झाडाआड. भाऊजी काम करत बसलेले. माझ्या बैठकीवर नाही, शेजारच्या स्टुलावर. लॉकचं सिलिंडर उघडून आतल्या बारीक पिना भरत होते. चिमट्यात पिन धरायची, हात हलायचा, पिन खाली. मग स्टुलावरून उतरून जमिनीवर शोधायचं. तीनदा तेच. गिऱ्हाईक उभ्या उभ्या कंटाळलं आणि लॉक घेऊन गेलं. भाऊजी अजून खालीच, पिन शोधताहेत. त्यांना कळलंच नाही गिऱ्हाईक गेल्याचं.

मनापासून आनंद झाला. तो आनंद रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत टिकला.

रात्री जेवण गेलं नाही. पित्त.

५ मार्च

लाँड्रीत एक बाई पडदे घेऊन आल्या. माझ्याकडे निरखून बघताहेत. मला वाटलं, पडद्याला डाग पडला. तर म्हणाल्या, तुम्ही चावीवाले ना? त्या दिवशी दारूच्या दुकानाच्या दाराशी काम करत होतात, मी जाता जाता विचारलं होतं, माझ्या कपाटाचं पण बघाल का. तुम्ही किती अदबीने बोललात. हातातलं काम संपवू द्या म्हणालात, आणि दुकानाच्या नंबरचा स्टिकर दिलात. मग फोन केला तर कळलं तुम्ही गावाला गेलाय.

भाऊजींचा स्वभाव बघा. मी तुरुंगात, आणि हे लोकांना सांगतात गावाला गेलाय. पक्के खोटारडे.

मी मात्र चोरी करतानासुद्धा गिऱ्हाईक सोडलं नाही. असा कारागीर दुकानाला परत मिळायचा नाही. भर दुपारी, रस्त्यावर, सगळ्यांदेखत! प्रेसवाल्याला सांगितलं पाहिजे. गुन्हा लहान असेल, धाडस लहान नाही.

बाईंच्या पडद्यांना फुकट स्टार्च केलं.

८ मार्च

काकांनी बातमी आणली. त्या दिवशी दुकानात आलेले पोलीससाहेब रिटायर झालेत, काकांबरोबर सकाळी बागेत फिरतात. अधिकृत साक्षीदार! फोन कुणी केला, किती वाजता केला, आवाजात आनंद होता की नाही, सगळं विचारणार. प्रकरण सातवं आता पुराव्यानिशी. एप्रिलला भाऊजी पहिल्या रांगेतून उठून जातील. उठून जाता येऊ नये म्हणून त्यांना मधली खुर्ची द्यायला काकांना सांगायचं.

११ मार्च

पोलीससाहेबांना भेटलो. बागेत, बाकावर. त्यांनी सांगितलं ते लिहिणार नाही.

माणूस म्हातारा झालाय. विसरभोळा. हसता हसता चष्मा काढावा लागतो, असा माणूस काय साक्ष देणार.

१२ मार्च

लिहिणार नाही म्हणजे नाही.

१३ मार्च

लिहितो. वही माझी आहे, कोण वाचतंय.

साहेब म्हणाले, फोन कुणीच केला नाही. उलट गस्तीवर दारूच्या दुकानाचं दार उघडं दिसलं आणि आम्हीच तुमच्या दुकानावर आलो. का, तर दारूच्या दुकानाच्या दारावर, लॉकच्या बरोबर वर, तुमचा स्टिकर होता. ताजा. कोपरे नीट दाबलेले. दुकानाचं नाव, फोन नंबर आणि खाली 'चोवीस तास सेवा'.

हे खरं असू शकतं. म्हणजे सवय म्हणून. काम झालं की लॉकला तेल द्यायचं, फडकं मारायचं आणि स्टिकर लावायचा. भाऊजींनीच पहिल्या दिवशी शिकवलं होतं, स्टिकर लावल्याशिवाय काम पूर्ण समजायचं नाही. हजारो दारांना लावलेत मी. हात आपोआप जातो.

उरलेलं उद्या. आज डोकं चालत नाही.

१४ मार्च

उरलेलं.

साहेबांनी भाऊजींना स्टिकर दाखवला आणि विचारलं, हे काम कुणाचं. भाऊजींनी एकदाच पाहिलं आणि म्हणाले, माझं. लॉक अडकतंय असा निरोप होता, मी जाऊन दुरुस्त केलं, दार ओढायला विसरलो असेन, बाटली गेली असेल तर भरून देतो. साहेब म्हणाले, आम्हाला पटलं नव्हतं, पण एका बाटलीसाठी कोण कागद काळे करणार. आम्ही टोप्या घालून निघालोच होतो.

तेवढ्यात पडद्यामागून मी बाहेर आलो. हातात ती बाटली. आणि म्हणालो (हे साहेबांनी माझा आवाज काढून सांगितलं, मला मुळीच आवडलं नाही), यांचं काम? यांना सात जन्मांत असं काम जमायचं नाही! एक ओरखडा दाखवा लॉकवर! हे माझं काम आहे!

भाऊजींनी छातीवर हात ठेवून मला पडद्याआड ढकललं. मी पुन्हा आलो. त्यांनी पुन्हा ढकललं. साहेब म्हणाले, तीनदा. तिसऱ्यांदा मी त्यांच्या हाताखालून निसटलो आणि पोलिसांच्या गाडीचं लॉक उघडून दाखवू का, असं विचारलं. आणि दाखवलं.

१५ मार्च

साहेबांना भाऊजींनी फितवलेलं असणार.

दुपारी. फितवलेलं नाही. बायकोला विचारलं. तिला माहीत होतं. ताईला माहीत होतं. दारूच्या दुकानवाल्याला, काकांना, सगळ्यांना! मग मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, भाऊजींनी बजावलं होतं. तुरुंगानंतर तू व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलास त्या दिवशी आल्या आल्या त्यांना शिव्या द्यायला लागलास. दिवसभर शिव्या. त्या दिवशी पहिल्यांदा तू बाटलीचं नाव काढलं नाहीस. भाऊजी म्हणाले, तोंड शिव्यांत गुंतलंय तोवर पिणार नाही, देऊ दे. मला काय होतंय.

म्हणजे माझा सूडसुद्धा त्यांनीच पुरवलेला! इतकी वर्षं मी दात-ओठ खात होतो, ते त्यांच्या परवानगीने! माणसाला निदान शत्रू तरी स्वतःच्या कमाईचा नको का?

आता तर सोडणारच नाही.

२२ मार्च

विचार पक्का. प्रकरण सातवं जसंच्या तसं वाचणार. लेखकाला स्वातंत्र्य असतं. आणि पोलिसांना फोन केला नाही तरी करायला हवा होता, मी त्यांच्या जागी असतो तर केला असता.

भाऊजींचे शर्ट आले. दोन क्रीज पाडायला इस्त्री उचलली. दुसरी क्रीज नीट आली नाही. इस्त्री बिघडलीय.

६ एप्रिल

आरशासमोर तालीम. पहिलं वाक्य उत्तम जातं. दुसरं वाक्य आता पोलीससाहेबांमुळे आहे, पण ते वाचायचं नाही. म्हणजे प्रकरण एका वाक्याचं. बायको म्हणाली, छोटंच बरं, लोकांना चहा प्यायचा असतो.

आज चार-पाच वेळा प्यावीशी वाटली. भाऊजींना शिव्या द्यायला तोंड उघडलं, आणि शिवी येईना. नुसता तोंड उघडून उभा. शेवटी काकांना फोन केला. काका काही उपदेश न करता बराच वेळ भाज्यांच्या भावाबद्दल बोलत बसले.

भीती वाटली आज. खोटं कशाला लिहू.

१९ एप्रिल

कार्यक्रम झाला.

हॉल भरला होता. पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीत भाऊजी. मीच सांगून ठेवली होती ती जागा. अंगात निळा शर्ट, बाह्यांवर दोन-दोन क्रीज, जानेवारीतला. ठेवणीतला म्हणून घालून आले होते. उजवा हात मांडीवर थरथरत होता, ताईने तो धरून ठेवला होता.

माइकवर गेलो. वही उघडली. वाचलं: भाऊजींनी पोलिसांना फोन केला.

सगळा हॉल भाऊजींकडे वळला. मला हेच हवं होतं. चार महिने हेच हवं होतं. चेहरा उतरायची वाट बघत होतो. चेहरा उतरला नाही. त्यांनी मान हलवली. चल, पुढे वाच, अशी. लहानपणी मी पाढे म्हणताना अडलो की ताई हलवायची तशी. असा राग आला मला त्या मानेचा, की काय सांगू.

मी म्हटलं, हे वाक्य खोटं आहे.

आणि मग थांबता येईना. तेल, फडकं, स्टिकर, पडदा, बाटली, गाडीचं लॉक, सगळं सांगितलं. माझं गंभीर बोलणं चाललेलं, आणि 'चोवीस तास सेवा' म्हटल्यावर मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग पूर्ण हॉल. लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. काका टेबलावर डोकं ठेवून हसत होते. माझ्या आयुष्याच्या शोकांतिकेला! भाऊजी आवाज न करता हसत होते, खांदे हलत होते, आणि दोन क्रीजवाल्या बाहीने डोळे पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

नंतर काका म्हणाले, इतक्या वर्षांत एवढा चांगला कार्यक्रम झाला नाही. प्रेसवालाही आला होता, म्हणाला, विनोदी असेल तर छापू.

भाऊजी चहाचा कप घेऊन जवळ आले. निम्मा बशीत सांडला होता. म्हणाले, एक चुकलं तुझं. स्टिकर लॉकच्या वर नाही, बाजूला लावायचा असतो. मी कितीदा सांगितलं होतं.

त्यांना माझा गुन्हा चालतो, स्टिकरची जागा चालत नाही. या माणसाचा सूड घ्यायलाच हवा.

२८ एप्रिल

नवीन प्लॅन. शत्रूच्या गोटात शिरायचं. दुकानात परत जायचं, कामात त्यांना रोज मागे टाकायचं, गिऱ्हाईक माझंच नाव घेईल असं करायचं, आणि म्हातारा मनातल्या मनात जळेल. लाँड्रीच्या मालकाला सांगितलं. तो म्हणाला, अवश्य जा, पडद्यांना फुकट स्टार्च कोण करतं मला कळलंय.

बायकोला प्लॅन सांगितला. फार चांगला सूड आहे, म्हणाली, आणि डबा भरायला लागली.

२ मे

पहिला दिवस. बैठक होती तशीच. चिमटा, कानस, तेलाची बाटली, सगळं माझ्या हाताच्या अंतरावर. धूळ पुसलेली.

पहिलं गिऱ्हाईक तीच पडदेवाली बाई. कपाटाचं लॉक. घरी जाऊन करायचं काम, भाऊजी बरोबर आले. मी उघडलं, पिना काढल्या, साफ केल्या, भरल्या. एक खाली पडली नाही. चावी फिरली तेव्हा जो आवाज आला तो मी तुरुंगात झोपताना आठवायचो. तेल दिलं. फडकं मारलं. भाऊजी नुसते शेजारी उभे, काय बोलणार. जळले असणार.

मग सवयीने हात पुढे केला. स्टिकरसाठी.

भाऊजींनी वरच्या खिशातून स्टिकरची गुंडाळी काढली. एक सोडवला, थरथरत्या हाताने लॉकच्या बाजूला लावला, वाकडा. कोपरे दाबले. गुंडाळी परत खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.

म्हणाले, सगळ्या दुकानाच्या चाव्या तुझ्या. हे मात्र माझ्याकडे राहील.